हळदीतली भिंत

आमच्या पिढीतल्या शेतकऱ्याच्या घरात फोटो मोजून तीन-चार. एक लग्नातला, एक पंढरपूरच्या यात्रेत पडद्यापुढं बसून काढलेला, आणि एखादा पुढं हार घालायला लागेल म्हणून काढून ठेवलेला. घराचा फोटो कुणी काढत नव्हतं. घर कुठं पळून जातंय, असंच वाटायचं.

आमचं घर मात्र गेलं. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पुरं झालं, पण पाण्याचा फुगवटा त्याआधीच चढायला लागला होता. मी तेव्हा नुकता दहावी झालेलो. दाराची चौकट, तुळया, पत्रे, जे उचलता आलं ते बैलगाडीत घालून माळावर आणलं. पांढऱ्या मातीच्या भिंती तेवढ्या मागं राहिल्या. मातीची भिंत पाण्यात किती दिवस तग धरणार?

त्या घराची खूण सांगणारा एकच फोटो आमच्याकडं आहे, आणि तोही खरा आईचा. कुणी पाहुणा कॅमेरा घेऊन आला होता, त्यानं काढला. आई भिंतीला टेकून उभी आहे. मागं पोपडे उडालेली भिंत, भिंतीत देवळी, देवळीत रॉकेलची चिमणी. एक कोपरा कसरीनं खाल्लाय. आई गेल्यावर पोरांनी तो एका स्टुडिओत मोठा करायला दिला. आला तेव्हा आई गोरी झाली होती, अंगावर जरीचं लुगडं, आणि भिंतीच्या जागी निळं आभाळ नि गुलाबाची फुलं. सगळे म्हणाले, झ्याक झालाय. थोरली अक्का ऐंशीच्या पुढची. तिनं निरखून बघितलं नि विचारलं, "ही कुणाची बाई?" अक्काला अलीकडं विसर पडतो, म्हणून पोरं हसली. मला काही हसू आलं नाही. त्या फोटोत आमची आई नव्हतीच.

माझी चुलत नात पुण्याला चित्रकला शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आली आणि म्हणाली, "आबा, मूळचा फोटो द्या. मी मोठा करणार नाही, हळदीत काढणार आहे." मला वाटलं थट्टा करतीय. तिनं हळद स्पिरिटमध्ये कालवली, गाळली, जाड कागदाला ब्रशनं फासली आणि कागद अंधाऱ्या खोलीत वाळवला. फोटोची झेरॉक्सच्या दुकानातून पारदर्शक कागदावर प्रत आणली, ती हळदीच्या कागदावर ठेवली, वर काच, नि सगळं गच्चीवर उन्हात. प्रतीवर जिथं काळं, तिथली हळद झाकून राहते. जिथं मोकळं, तिथला रंग ऊन खातं. यात आमच्या बायांना नवल वाटलं नाही. लुगड्यावर पडलेला हळदीचा डाग साबणानं निघत नाही, पण उन्हात वाळत घातला की उडतो, हे त्या जन्मापासून बघतात.

संध्याकाळी काच उचलली, तर पिवळ्यावर पिवळी आई, अगदी पुसट. मग पोरीनं कागदावरून चुन्याची निवळी फिरवली. हळदीला चुना लागला की लाल होते, कुंकू असंच तर करतात. भिंत, देवळी, आईचं लुगडं, सगळं तांबडं होऊन वर आलं. वडील गेल्यावर पंचवीस वर्षं आईच्या कपाळाला कुंकू नव्हतं. अक्कानं कागदावर नुसता हात ठेवला नि बराच वेळ काढलाच नाही.

पोरीनं सांगितलं की ही रीत जुनी आहे. जॉन हर्शेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1842 साली फुलापानांच्या रसावर उन्हानं चित्रं उमटवून बघितली होती. आणखी एकाचं सांगितलं. बिन्ह दान, जन्म व्हिएतनामचा, वाढला अमेरिकेत. त्यानं व्हिएतनामच्या युद्धातल्या माणसांचे चेहरे झाडाच्या हिरव्या पानांवर उमटवले. गवतावर पाण्याची नळी पडून राहिली की तिथल्या गवताचा रंग बदलतो, त्यावरून त्याला ते सुचलं. बांधावरचा दगड उलटला की खालचं गवत पिवळं दिसतं, ते आपणही रोज बघतो. आपण दगड टाकतो नि पुढं जातो. त्यानं तिथं माणसं शोधली.

त्याच उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं. असं झालं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं, माणसं बघायला लोटतात. आम्ही आमच्या गावठाणावर गेलो. भेगाळलेला गाळ, शिंपले, जोत्याचे चार दगड. पोरीनं त्या गाळाचे फोटो काढले. घरी आल्यावर गाळाची प्रत आणि आईची प्रत एकावर एक ठेवून एकाच कागदावर ऊन दिलं. आईच्या मागच्या भिंतीला गाळाच्या भेगा पडल्या. हे मला बघवलं नाही, नि नजरही काढता येईना. भिंत कशी होती आणि तिचं काय झालं, दोन्ही एका जागी होतं.

पोरांनी विचारलं, "हा रंग टिकंल का?" टिकत नाही. उजेडात ठेवला तर उडतोच. म्हणून हे कागद अक्काच्या पत्र्याच्या पेटीत असतात. पोरं म्हणाली, मग मोबाईलमध्येच ठेवा की, कायमचं राहील. राहील, खरंय. पण मोबाईलमधल्या हजार फोटोंवर कुणी पाच मिनिटं बोललेलं मी बघितलं नाही. पेटी उघडायची म्हटलं की चार माणसं जमतात, आणि अक्का दर वेळी काहीतरी नवं काढते. उखळ कुठं होतं, चिमणीची काजळी कोण पुसायचं. बाजरीचं बी कणगीत राखेत घालून कितीही जपा, वर्षानुवर्षं पेरलं नाही तर उगवत नाही. आठवणीचं तसंच. रंग पिकला की पोरगी उन्हाळ्यात नवा कागद करते, आणि आमची पेरणी होते.

एका गोष्टीवर अक्काचं नि माझं जमत नाही. ती म्हणते, घराचं दार पूर्वेला होतं. मी म्हणतो, उत्तरेला. चौकट आम्ही इथं आणून पश्चिमेला बसवलीय, ती काही सांगत नाही. फोटोत दार आलेलं नाही, आणि जोत्यावर गाळ बसलाय. पोरीनं आमचं भांडण सोडवलं नाही. यंदाच्या कागदामागं तिनं पेन्सिलीनं दोन्ही दारं काढून ठेवलीत, एकाखाली अक्काचं नाव, दुसऱ्याखाली माझं.