पिकअपचे मोठे टायर आणि नव्वद कॅरेट



टोमॅटोचे तोडे जवळ आले की आमच्या निफाड-दिंडोरी भागात एक प्रश्न दरवर्षी निघतो. पिकअपला मोठे टायर टाकू का? या आठवड्यात दोघांचे फोन आले, आणि एक जण तर गाडी घेऊनच दारात उभा राहिला. त्याला चहा पाजला आणि पडवीत ठेवलेले तीन टायर दाखवले. चौथा का नाही, ते त्यानं विचारलं. तेच इथं लिहितो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

2024 चा ऑगस्ट. पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता आणि माल तर पिकतच होता. आमचं टोमॅटोचं रान पाणंदीपासून आत दीडशे-दोनशे मीटर, सगळी काळी भारी जमीन. तिसऱ्या तोड्याला पिकअप आत घातली आणि भरून निघताना रुतली. मागची चाकं जागेवर फिरतात, गाडी बसत चालली. शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरनं साखळी लावून ओढली. पिंपळगावला पोचेपर्यंत लिलावाची वेळ टळून गेली आणि त्या दिवशीचा माल पडेल त्या भावानं द्यावा लागला.

रात्री पुतण्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. अमेरिकेतल्या पिकअप, छातीएवढे टायर, चिखलातून नांगरासारख्या जातात. "नाना, आपल्याला एवढे नको, पण एक साईज मोठा टाकू. गाडी उचलेल." मलाही पटलं. खोटं कशाला बोलू, गाडी दिसायलाही भारी दिसेल असं वाटलं होतं.

आमच्या गाडीला कंपनीकडून 215/75 आर 15 टायर आलेले. आम्ही टाकले 235/75 आर 15. जुने, एका जीपगाडीचे काढलेले, रुंद, बाजूनं बटन असलेले. चार टायर 14 हजारात. देणारा म्हणाला एक नंबर माल आहे. 6 इंची रिम तीच राहिली, तिच्यावर हा टायर बसतो. गावातल्या एकानं 31 बाय 10.5 चे टायर टाकलेत, त्याला मात्र रिम बदलावी लागली आणि वर चाकं बाहेर काढायला स्पेसरही लावावे लागले. त्याचं पुढचं बेअरिंग वर्षभरात दोनदा गेलं. ती वेगळी गोष्ट.

आता हिशोब बघा. हा मी तेव्हा केला नव्हता, नंतर केला. 215 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे रुंदीच्या 75 टक्के टायरच्या बाजूची उंची. 15 म्हणजे रिम 15 इंच, 381 मिलिमीटर. दोन्हीकडची उंची धरून जुना टायर होतो साधारण 703 मिलिमीटर, नवा 733. फरक 30. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, कारण टायरचा वरचा अर्धा भाग काही गाडीला वर ढकलत नाही. म्हणजे 15 मिलिमीटर. बोटाच्या रुंदीएवढं! आणि आमच्या रानातली चाकोरी वीतभर खोल.

चिखलात थोडा फरक पडला, नाही असं नाही. पहिल्या दोन तोड्यांना गाडी निघाली. पण काळी माती त्या बटनांमध्ये एकदा भरली की टायर गुळगुळीत होतो, मग तो 215 असो नाही तर 235. चौथ्या दिवशी पुन्हा साखळी.

बाकीचा परिणाम हळूहळू कळला. टायर सव्वाचार टक्के मोठा, म्हणजे एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त चालते. मीटरला ते कळत नाही. पूर्वी मीटरवर 60 असताना फोनवर 57 दिसायचं, आता 59-60 दिसायला लागलं. पुतण्या म्हणाला, मायलेज 13 वरून 11.8 वर आलं. त्यात थोडा मीटरचाही खोटेपणा होता, किलोमीटरच कमी मोजले जात होते. ते धरून खरं मायलेज 12.3 च्या आसपास निघालं. तरी घट ती घटच.

ओढही तेवढीच कमी झाली. पाणंदीच्या चढावर भरलेली गाडी दुसऱ्या गिअरला जायची, ती आता पहिला मागायला लागली आणि क्लचचा वास यायला लागला. व्हिडिओतले ते अमेरिकावाले टायर फार मोठे केले की डिफरन्शिअलचे दातेही बदलून घेतात, हे व्हिडिओत कोण सांगतंय? ब्रेकचंही तसंच. ब्रेक तोच, पण चाक मोठं, मग त्याला रोखायला पाय जास्त दाबावा लागतो. भरलेल्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण तोडलं की पुढचा टायर आतून मडगार्डला घासायचा. रिकामी असताना आवाज नाही, म्हणून दुकानात कळलंच नव्हतं.

स्टेपनी जुन्याच साईजची राहिली. एकदा पंक्चर झाली म्हणून ती मागे लावून दोन दिवस फिरलो. एका अॅक्सलवर एक चाक लहान, एक मोठं. किलोमीटरला 18-19 फेऱ्यांचा फरक, तो सगळा डिफरन्शिअलनं रगडून घ्यायचा. मेकॅनिकनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

पण यातलं काहीच मोठं नाही. मोठं पुढं आहे.

पूर्वी आम्ही 55-60 कॅरेट भरायचो, फार तर 70. टायर टाकल्यावर 80 झाले, मग 90. कोणी ठरवलं नाही. गाडी उंच आणि रुंद दिसायला लागली, टायर दाबलेला दिसेना, मग एक थर अजून, एक थर अजून. टायर बसू नये म्हणून हवा 60 भरायची. वहिनी एकदा बोलल्या होत्या, "भाऊजी, टायर मोठे केले म्हणजे गाडी मोठी झाली का?" मी हसण्यावारी नेलं.

ऑक्टोबरमध्ये बाजाराला जाताना कालव्याच्या वळणावर मागचा डावा टायर फुटला. वळण होतं म्हणून वेग कमी होता, एवढंच नशीब. गाडी डाव्या अंगाला बसली, कॅरेट सुटले, रस्त्यावर टोमॅटोचा लाल चिखल. गाडी चारीच्या काठावर जाऊन थांबली. पुतण्याच्या कोपराला चार टाके पडले. बाकी काही नाही.

मी तिथं पोचलो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसला होता. मला म्हणाला, "नाना, सकाळी याच गाडीत बायका होत्या."

चौदा जणी. वाडीवरून तोडणीला आणल्या होत्या, त्याच रस्त्यानं, त्याच टायरवर. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हा कायदा मला माहीत आहे, तुम्हालाही आहे, आणि आपण सगळे काय करतो तेही माहीत आहे. त्यातली एक सहा महिन्यांची पोटुशी होती. त्या रात्री मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी फुटका टायर घेऊन पंक्चरवाल्याकडे गेलो. त्यानं टायर आडवा टाकला, बाजूवर ओलं फडकं फिरवलं आणि म्हणाला, "दादा, हे वाचलं होतं का?"

टायरवर सगळं लिहिलेलं असतं मंडळी. साईजच्या पुढं एक आकडा आणि अक्षर, आमच्या टायरवर 105 एस. 105 हा भाराचा आकडा, लोड इंडेक्स. तो किलो नाही, त्याचा तक्ता असतो. 100 म्हणजे 800 किलो, 105 म्हणजे 925, 106 म्हणजे 950, 112 म्हणजे 1120. साईजच्या आधी इंग्रजी पी होता, म्हणजे माणसांच्या गाडीचा टायर. अमेरिकेत असा टायर मालाच्या गाडीला लावला तर त्याची क्षमता 1.1 ने भागून धरतात, म्हणजे 925 चे राहतात 840. जास्तीत जास्त हवा 44 छापलेली, आम्ही भरत होतो 60. आणि शेवटी चार आकडे, 2618. म्हणजे 2018 सालच्या 26 व्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षांचं रबर. बाजूला बारीक भेगा होत्या, त्या मी धूळ समजलो होतो.

मग घरी आमचे काढून ठेवलेले मूळ टायर बघितले. लहान टायर! त्यावर एलटी, 8 पीआर आणि 106. एलटी म्हणजे हलक्या मालगाडीचा टायर, आणि हवा 65 पर्यंत चालणारा. दिसायला बारीक होता तो जास्त वजनाचा होता, आणि रुंद दिसणारा कमी वजनाचा.

टायर देणाऱ्याला दोष द्यायला गेलो नाही. आकडे त्यानं खोडले नव्हते.

गाडी दुरुस्त झाल्यावर एकदा मुद्दाम वजनकाट्यावर नेली. मूळ टायर लावून, शेवटच्या तोड्याचा माल तसाच 90 कॅरेट भरून, फक्त मागची चाकं काट्यावर. 2360 किलो. एका चाकावर 1180. म्हणजे मूळ टायरवरसुद्धा सव्वादोनशे किलो जास्त होतं, आणि त्या जुन्या टायरवर तर अडीचशेच्या वर. तिथंच 35 कॅरेट उतरवून पुन्हा मोजलं, 55 कॅरेटला 1690. एका चाकावर 845. काट्यावाला म्हणाला, काय चाललंय तुमचं? म्हटलं अभ्यास. तेव्हापासून आमच्या गाडीत 55 कॅरेट. मग दोन खेपा झाल्या तरी चालतील. डिझेल जातं, पण काय काय जाऊ शकलं असतं ते मी बघून आलोय.

आता रानाकडे येतो, कारण हे पान शेतीचं आहे आणि कृषीवाले मित्रही वाचतात.

रुंद टायरनं जमीन कमी दबते असं मला वाटत होतं. तत्त्व बरोबर आहे, पण हवा कमी ठेवली तरच. टायरचा जमिनीवरचा दाब ढोबळमानानं आतल्या हवेएवढाच असतो. 60 पीएसआय म्हणजे चौरस सेंटीमीटरला चार किलोच्या वर. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये 14 हवा असली तर तिथं एक किलो. म्हणजे एवढी लहान पिकअप एवढ्या मोठ्या ट्रॅक्टरच्या चौपट दाबते. टायर रुंद असो की अरुंद, हवा 60 असली तर दाब तोच. आणि रस्त्यावर भार घेऊन पळायचं तर हवा कमी करता येत नाही. रानात कमी, डांबरीवर जास्त, असं रोज पंप घेऊन कोण बसणार?

त्यात वाफसा नसताना गाडी घातलेली. ओल्या काळ्या मातीत चाक गेलं की मातीतल्या पोकळ्या मिटतात, हवा आणि पाणी दोन्हीची वाट बंद. डिसेंबरात त्याच रानात कांदा लावला. नांगरट, रोटर सगळं केलं होतं. तरी जानेवारीत पाणी दिलं की दोन पट्ट्यांत ते साचून राहायचं. सरळ दोन पट्टे, गाडीच्या चाकांएवढ्या अंतरावर. लोखंडी सळई खुपसून बघितली. पट्ट्याच्या बाहेर वीतभर सहज जाते, पट्ट्यात चार बोटांवर अडते. पट्ट्यातला कांदा गोलटीच राहिला. काढणीच्या वेळी तोडणीच्याच बायका होत्या, त्यातली एक म्हणाली, इथून गाडी गेली होती ना? तिला विनासळई कळलं.

काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, फुगण्या-आकसण्यानं ती वरची थोडी मोकळी होते, हा तिचा गुण. पण खालचा थर एका उन्हाळ्यात सुटत नाही असा माझा अनुभव. यंदा एप्रिलमध्ये रान कोरडं असताना त्या पट्ट्यांत सबसॉयलर फिरवून घेतला. ओल्यात फिरवला असता तर उपयोग झाला नसता.

यंदाची व्यवस्था अशी. पिकअप रानात जाणारच नाही. पाणंदीच्या कडेला दोन गुंठे जागा सोडली, मुरूम टाकून रोलर फिरवला. आतून माल छोट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, एका वेळी 20 कॅरेट, ठरलेल्या एकाच वाटेनं. ती वाट खराब होणार हे धरूनच चाललोय, तिथं सरी धरलीच नाही. गाडीला मूळ साईजचेच पाच टायर घेतले, नवे, स्टेपनीसकट. पैसे गेले. बायकांना आणायला वाडीवरच्याच एका रिक्षावाल्याशी बोलणं केलं, दोन फेऱ्या मारतो.

एवढं ऐकूनही ज्यांना टायर मोठे टाकायचेच आहेत, त्यांनी आधी ड्रायव्हरच्या दारावरची पट्टी आणि गाडीचं पुस्तक बघा. काही गाड्यांना कंपनीच दोन साईज मान्य करते, मग प्रश्न नाही. नाही तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कंपनीच्या मापाबाहेर बदल केला तर उद्या विम्यावालाही तेच बोट दाखवणार. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. पाचही सारखे घ्या. भरलेल्या गाडीत स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण तोडून बघा. आणि ते चार आकडे वाचा, फडकं ओलं करून.

परवा जो गाडी घेऊन आला होता, त्यानं पडवीतले टायर निरखून बघितले. म्हणाला, "नाना, हे तीन चांगले दिसतायत, विकणार का?" म्हटलं नाही. एकात पोरांनी माती भरून पुदिना लावलाय, बाकीचे दोन वहिनींनी मागितलेत.