पुन्हा पहिल्यापासून

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत मी दुसऱ्याच मिनिटाला अडखळलो. पाठ केलेलं भाषण डोक्यातून पार निघून गेलं. 'आभारी आहे' एवढं पुटपुटून मी व्यासपीठावरून खाली उतरलो. घरी अण्णांनी विचारलं, "झालं का रं भाषण?" मी म्हटलं, "झालं." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, माझं खोटं पकडणार कोण?

पुढे एकदा वसतिगृहातल्या मित्रानं मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. लंडनची गायिका अ‍ॅडेल. एकट्या आईनं वाढवलेली मुलगी. २००८ साली आलेल्या पहिल्या अल्बमला तिनं आपल्या वयाचंच नाव दिलं होतं, '१९'. माझंही वय तेच! नोव्हेंबर २०११ मध्ये घशाची शस्त्रक्रिया झाली आणि तीनच महिन्यांनी तिनं अमेरिकेत एका रात्रीत सहा ग्रॅमी पुरस्कार मिळवले.

पण मी पाहिली ती रात्र १२ फेब्रुवारी २०१७ ची. लॉस एंजेलिसला ग्रॅमीचा सोहळा चालू होता. दीड महिन्यापूर्वी वारलेल्या जॉर्ज मायकेल या गायकाला ती गाण्यातून श्रद्धांजली वाहत होती. गाणं सुरू झालं आणि सूर बिघडला. ती थांबली. तोंडून शिवी गेली, तिची माफी मागितली. त्याच्यासाठीचं गाणं मला बिघडवायचं नाही, म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून गायली. थेट प्रक्षेपणात, साऱ्या जगासमोर!

त्याच रात्री तिला पाच पुरस्कार मिळाले. वर्षातला उत्कृष्ट अल्बम, रेकॉर्ड आणि गीत ही तिन्ही मोठी पारितोषिकं एकाच रात्री, तीही दुसऱ्यांदा मिळवणारी ती पहिलीच कलावंत ठरली.

कुणी म्हणेल, पुरस्कारांची मतं आधीच पडलेली होती. थांबल्यानं तिचं काय जाणार होतं? खरं आहे. पण माझं तरी काय जाणार होतं? फार तर एक करंडक! 'पुन्हा सुरुवात करू का?' असं मी विचारलं असतं, तर परीक्षक कदाचित नाही म्हणाले असते. पण अण्णांना खरं सांगता आलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत अखेर ते सांगितलं. अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग आता म्हण की."

मी अंगणात उभा राहिलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

— एस. वाय. बी. ए.