कसारा घाटातील 'बँकर'

मुंबईहून नाशिककडे जाताना कसारा घाट वाहनाची परीक्षा घेतो. येथील लोहमार्गावर 37 फुटांमागे 1 फूट चढ असल्याने आगगाडीस मागून जादा इंजिने जोडतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना 'बँकर' म्हणतात. आमच्या मोटारीस मात्र हा निवृत्त बँकर निरुपयोगी ठरला!

आदल्याच दिवशी मेकॅनिकने पाण्याचा पंप बदलला होता. तरीही चढावर तापमानाचा काटा लाल रेषेला भिडला. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उसळते, म्हणून पाऊण तास थांबलो. दुरुस्तीत आत अडकलेली हवा निघून पाणी खाली गेले होते. ते भरून सावकाश इगतपुरी गाठली.

बिल चुकते झाले म्हणजे हिशेब मिटला असे नव्हे. दुरुस्तीनंतर गाडी गावातच फिरवावी, थंड झाल्यावर पाणी पडताळावे, मगच घाटाची वाट धरावी.