धुरावरून ओळखलेले गाव

गाव म्हटले, की माझ्या डोळ्यांपुढे वेस, पार आणि देऊळ उभे राहते. अमेरिकेतील कॅन्सस प्रांतातल्या निकोडेमस या चिमुकल्या वस्तीचे नाव निघाले, की मात्र मला धूर आठवतो.

१८७७ साली केंटकीहून आलेल्या कृष्णवर्णीयांनी ती वसविली. त्यांतील कित्येकांनी बारा वर्षांपूर्वीपर्यंत गुलामी भोगली होती. (याच गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला होता.) हक्काच्या जमिनीच्या आशेने ते आले, पण त्या उघड्या माळावर घरापुरते लाकूडही दुर्मीळ. तेव्हा भुई खोदून तिच्या पोटातच त्यांनी संसार मांडले. पुढल्या वर्षी विलियाना हिकमन ही स्त्री तेथे आली. पतीने गाव दाखविले. तिला दिसला केवळ जमिनीतून निघणारा धूर! ती रडू लागली. कोणाला रडू आले नसते? तरीही ते कुटुंब माघारी फिरले नाही.

१८८८ साली लोहमार्ग नदीपलीकडून गेला आणि दुकानदार त्याच्यामागे गेले. शेतकरी राहिले. आज तेथे नगरपालिका नाही, घरेही मोजकीच; परंतु दरवर्षी जुलैअखेर दूरदूर पांगलेली नातवंडे-पतवंडे तेथे जमतात आणि मुक्तीचा उत्सव करतात.