तेजी न्यूयॉर्कची, कापूस हिंगणघाटचा

अमेरिकेच्या १९२० च्या दशकाचं जे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांत असतं, ते शहरात उभं राहून काढलेलं आहे. जॅझ, मोटारी, गगनचुंबी इमारती, केस आखूड केलेल्या मुली आणि मग २४ ऑक्टोबर १९२९ ला शेअर बाजार कोसळल्यावर एका रात्रीत आलेला अंधार. आर्थिक इतिहास हा माझा विषय, आणि मी राहतो वर्ध्यात. इथं बसून ते दशक वाचताना मला शहराआधी कापूस दिसतो. कापसाच्या अंगाने पाहिलं तर अमेरिकेतली मंदी १९२९ ला सुरू झालीच नाही. ती १९२० ला सुरू झाली, आणि ज्याला आपण तेजीचं दशक म्हणतो ते जवळपास सगळं तिच्या पोटात पार पडलं.

तेजी खोटी होती असं मात्र नाही. १९२० साली अमेरिकेत सुमारे ८० लाख खासगी मोटारी नोंदलेल्या होत्या, १९२९ पर्यंत त्या २ कोटी ३० लाखांवर गेल्या. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली ८५० डॉलरला मिळायची. सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाल्यावर दशकाच्या मध्याला तिचा भाव ३०० डॉलरच्या खाली आला. १९२० च्या नोव्हेंबरात पिट्सबर्गहून रेडिओचं नियमित प्रसारण सुरू झालं आणि दहा वर्षांत रेडिओ दिवाणखान्यातलं फर्निचर झाला. १९३० पर्यंत देशातल्या दोन तृतीयांश घरांत वीज पोचली. शेतावरच्या घरांत मात्र हेच प्रमाण दहात एक होतं. मला या दोन आकड्यांपाशी नेहमी थांबावंसं वाटतं. देश एक, वर्ष एक, आणि दिव्याखाली बसणारे व कंदिलाखाली बसणारे असे त्याचे सरळ दोन भाग.

कंदिलाखालच्यांत सर्वांत मोठी गर्दी दक्षिणेतल्या कापूस उत्पादकांची. त्या काळी जगातला निम्म्याहून अधिक कापूस अमेरिकेत पिकायचा. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या उन्हाळ्यात, पौंडाला ४० सेंटच्या आसपास गेलेला भाव वर्ष संपता संपता त्याच्या तिसऱ्या हिश्शावर आला. मध्ये काही वर्षं तो सावरला. पण १९२६ ला बंपर पीक आलं आणि भाव पुन्हा १२ सेंटपर्यंत घसरला. मेक्सिकोतून आलेला बोंडावरचा भुंगा टेक्सासपासून जॉर्जियापर्यंत पीक पोखरत होताच. वर तिथली वाटेकरी पद्धत. जमीन मालकाची, बियाणं आणि खाण्यापिण्याचा माल दुकानदाराकडून उधार, हंगामाला हिशेब, आणि हिशेबानंतर वाटेकरी पुन्हा देणेकरी. वाटेकऱ्यांत काळे होते तसे गोरेही बरेच होते. कर्ज फिटेना म्हणून खेड्यांतल्या बँका बुडत गेल्या. १९२९ च्या आधीच, म्हणजे ऐन भरभराटीत, अमेरिकेत पाच हजारांवर बँका बंद पडल्या आणि त्यांतल्या बहुतेक शेतीभागातल्या होत्या. शेतमालाच्या भावाला आधार देणारं विधेयक काँग्रेसने १९२७ आणि १९२८ साली दोनदा मंजूर केलं. अध्यक्ष कूलिज यांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. कारखानदाराला आयात शुल्काचं कुंपण मिळालं, कास्तकाराला मिळालं नाही. हंगामाच्या तोंडावर आयात शुल्काच्या बातम्या वाचणाऱ्या विदर्भातल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

आता वर्धा. हा जिल्हाच १८६२ चा, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या मधल्या वर्षातला. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इंग्रज सरकारची नजर हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसावर खिळली. बनीचा धागा लांब आणि मऊ. मध्य प्रांतासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला. १८६७ मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला गेली, पुढे हिंगणघाटला फाटा निघाला. १८८१ ला हिंगणघाटात गिरणी उभी राहिली, नंतर पुलगावला. पण शेतकऱ्याच्या हातात बनी टिकली नाही. ‘जरी’ नावाचा आखूड धाग्याचा कापूस एकरी जास्त पिके आणि त्यातून रुईही जास्त निघे. बनीच्या धाग्याची जी जादा किंमत यायला हवी ती आडतीत शेतकऱ्यापर्यंत येत नव्हती. मग त्याने जरी पेरली यात त्याचं काय चुकलं? चांगल्या मालाची राखण बाजाराने केली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत हाच आखूड धाग्याचा कापूस जपानी गिरण्यांना जायचा, आणि त्याचा भाव टेक्सासवर टांगलेला असायचा. गिरणीवाला दोन्हींचं मिश्रण करतो. भारतीय कापूस अमेरिकनपेक्षा ठरावीक अंतराने स्वस्त राहिला तर तो घेतो, अंतर घटलं की अमेरिकन गाठींकडे वळतो. त्यामुळे न्यूयॉर्क कोसळलं की मुंबईला कोसळावंच लागे. न्यूयॉर्कचा दिवसअखेरचा आकडा तारेने लिव्हरपूलला आणि मुंबईला येई. मुंबईहून तार वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या आडत्यांना, आणि सकाळी बंड्या उभ्या असताना भाव फुटे. मुंबईत न्यूयॉर्कच्या त्या उघडत्या-बंद होत्या आकड्यांवर लोक पैसे लावू लागले आणि त्यातूनच पुढे मटका जन्मला, हे अनेकांना ठाऊक असेल. बंडीवर बसलेल्या माणसाला मात्र त्या आकड्यावर काही लावायचं नव्हतं. त्याचं वर्षच त्यावर लागलेलं होतं.

१९२९ नंतर न्यूयॉर्कचा कापूस १६-१७ सेंटांवरून १९३१-३२ मध्ये ५-६ सेंटांवर आला. आपल्याकडेही भाव निम्म्याच्या आसपास उतरले. हे कागदावर सौम्य दिसतं. पण मालगुजाराला द्यायचा लगान रुपयांत ठरलेला, सावकाराचं व्याज रुपयांत ठरलेलं. भाव निम्मा झाला म्हणजे तेच देणं चुकवायला दुप्पट कापूस घालावा लागला, आणि दुप्पट कापूस शेतात नव्हता. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडला, सोन्याचा भाव चढला आणि खेड्यापाड्यांतून बायकांच्या अंगावरचे डाग सराफाकडे जाऊ लागले. त्या वर्षांत हिंदुस्थानातून सोन्याचा लोंढा लंडनकडे गेला. १९३४ ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलर केल्यावर जगभरचं सोनं अमेरिकेकडे वाहू लागलं. मध्य प्रांत सरकारला १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा करावा लागला आणि सावकार-कुळांच्या तडजोडीसाठी मंडळं बसवावी लागली. बुडालेलं कर्ज बुडालं आहे ही ती सरकारी कबुलीच होती.

या गोष्टीला न्यूयॉर्कमधलं एक दालनही आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिग्मन नावाचे सार्वजनिक वित्ताचे प्राध्यापक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात त्यांच्याच हाताखाली शिकले. बाबासाहेबांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या ग्रंथाला, जो १९२५ ला प्रसिद्ध झाला, सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. याच सेलिग्मन यांनी १९२७ साली हप्त्यांवरच्या विक्रीचं अर्थशास्त्र मांडणारा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्या अभ्यासामागे जनरल मोटर्स कंपनी होती. तोवर अमेरिकेत निम्म्याहून अधिक मोटारी हप्त्याने विकल्या जात होत्या आणि जुन्या वळणाचे लोक त्याला उधळपट्टी म्हणत. सेलिग्मन यांनी सांगितलं की मोटारीसाठी घेतलेलं कर्जही उत्पादक असू शकतं, कारण त्याने माणूस अधिक काम करतो आणि नीट आखून खर्च करतो. तेजीच्या दशकाला स्वतःविषयी जे ऐकायचं होतं ते एका थोर विद्वानाने पुराव्यानिशी लिहून दिलं.

त्याच सुमाराला त्यांच्या वर्गात तंजावरचा एक तमिळ ख्रिस्ती हिशेबनीस येऊन बसला. जोसेफ कॉर्नेलियस, पुढचे जे. सी. कुमारप्पा. जन्म १८९२ चा. लंडनला लेखापरीक्षक झालेले, मुंबईत चांगला व्यवसाय असलेले. १९२७ ला ते अमेरिकेला गेले, आधी सिराक्यूज विद्यापीठात आणि मग कोलंबियात. ते वर्ष कॅथरीन मेयोच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाचं. हिंदुस्थानची दैना त्याच्या चालीरीतींमुळेच आहे, असं अमेरिकेत घरोघर बोललं जात होतं. हिंदुस्थान गरीब का, या विषयावर कुमारप्पा एका चर्चमध्ये बोलले. त्याची बातमी सेलिग्मन यांच्या वाचनात आली आणि त्यांनी सुचवलं की याच प्रश्नाचा सार्वजनिक वित्ताच्या अंगाने अभ्यास करा. करातून आलेला पैसा कुठून निघतो आणि कुठे जातो, हे कुमारप्पांनी हिशेबनिसाच्या नजरेने तपासलं. १९२९ च्या मे महिन्यात, शेअर बाजार कोसळण्याच्या काही महिने आधी, ते तो प्रबंध घेऊन साबरमतीला गांधीजींना भेटले. गांधीजींनी तो ‘यंग इंडिया’त क्रमशः छापला.

एकाच गुरूजवळ त्याच दोन-तीन वर्षांत अमेरिकेच्या हप्त्यांचा आणि हिंदुस्थानच्या गरिबीचा विचार चालू होता. मला त्यात दोन कर्जं समोरासमोर दिसतात. एक कर्ज ग्राहकाचं, मोटारीसाठी, पगाराच्या भरवशावर. दुसरं उत्पादकाचं, बियाण्यासाठी, पावसाच्या आणि न्यूयॉर्कच्या आकड्याच्या भरवशावर. माझं मत असं की अमेरिकेची तेजी फुटली ती पहिल्या कर्जाचा पाया दुसऱ्या कर्जात आहे हे कोणी पाहिलं नाही म्हणून. कापूस, गहू पिकवणारा कोट्यवधींचा समाज गिऱ्हाईक म्हणून उभाच राहू शकला नाही, तर मोटारी आणि रेडिओ शेवटी घेणार कोण? मंदीची कारणं अनेक आहेत. सुवर्णमान, बँकांची धोरणं, सट्टा ही सगळी खरी. पण शेतीचं हे कारण आपल्या वर्गांत एका ओळीत उरकलं जातं आणि ते मला पटत नाही.

१४ डिसेंबर १९३४ ला वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कुमारप्पा त्याचे चिटणीस. जमनालाल बजाजांनी, ज्यांच्या घराण्याचा व्यापारच कापसाचा, आपली संत्र्याची बाग आणि बंगला त्यासाठी दिला. तीच मगनवाडी. त्याच वर्षी बिहारच्या भूकंप मदतकार्याचे हिशेब पाहताना गांधीजींसोबतच्या मंडळींचा खर्चही नियमात बसत नाही म्हणून नाकारणारे कुमारप्पा इथे येऊन तेलघाणी, हातकागद, मधमाशा आणि चुली यांच्या नोंदी ठेवू लागले.

मगनवाडीतला एक दिवा मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो. ‘मगनदीप’, वनस्पतीच्या तेलावर जळणारा. रॉकेल पातळ असतं, वातीतून सहज वर चढतं. तेलबियांचं तेल घट्ट, ते तितकं चढत नाही. म्हणून तेलाचा साठा ज्योतीच्या खाली फार दूर ठेवून चालत नाही आणि अख्ख्या दिव्याची बांधणीच बदलते. एवढी खटपट कशाला, असं मुलं विचारतात. मग मी १९२७ ची गोष्ट सांगतो. त्या वर्षी न्यूयॉर्कची स्टँडर्ड ऑइल आणि रॉयल डच शेल या दोन कंपन्यांत हिंदुस्थानच्या रॉकेलवरून भावयुद्ध पेटलं. अमेरिकन कंपनी रशियाचं तेल घेऊन इथे विकत होती, शेलने भाव पाडले, आणि भांडण जगभर पसरलं. १९२८ ला स्कॉटलंडमधल्या आक्नाकॅरी किल्ल्यात बड्या तेल कंपन्यांनी बाजार आपसांत वाटून घेण्याचा करार केला. आमच्या खेड्यातल्या कंदिलाचा भाव त्या किल्ल्यात ठरत होता. कुमारप्पांचा दिवा हा त्यावरचा हिशेबी जबाब होता. तेलबी गावची, घाणी गावची, पेंड गावच्या बैलाला, आणि रॉकेलला जाणारा पैसा गावात.

कुमारप्पांविषयी मला नितांत आदर आहे, म्हणून त्यांची उणीवही स्पष्ट लिहितो. वर्ध्याच्या शेतकऱ्याचं मुख्य नगदी पीक कापूस होतं आणि मगनवाडीच्या उद्योगांत कापसाच्या भावाला हात घालणारं काही नव्हतं. घाणी आणि कागदाने घरात चार पैसे आले असतील, लगान आणि व्याज त्यातून भागत नव्हतं. त्यांची खरी भर वेगळी आहे. १९३८-३९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष झाले आणि ६०६ खेडी पाहिली गेली. प्रांताच्या उद्योगांचा आराखडा गिरणीच्या दारातून न करता गावाच्या जमाखर्चातून करायचा, ही पद्धत त्यांनी घालून दिली.

तिकडे अमेरिकेत १९३३ च्या उन्हाळ्यात रूझवेल्ट सरकारने भाव चढावा म्हणून सुमारे १ कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकायला लावला आणि त्याचे पैसे दिले. भाव १० सेंटांच्या घरात आला. पैसे मात्र जमीनमालकाच्या हाती गेले. पेरा कमी झाला तसे वाटेकरी नकोसे झाले आणि हजारो कुटुंबं झोपड्यांतून बाहेर काढली गेली. जुलै १९३४ मध्ये, वर्ध्यात ग्रामोद्योग संघ निघण्याच्या पाच महिने आधी, आर्कान्सातल्या टायरॉन्झा गावी काळे आणि गोरे वाटेकरी एकत्र आले आणि त्यांनी कुळांची संघटना काढली. वंशभेदाचे कायदे कडक असलेल्या मुलखात हे धाडस जिवावरचं होतं. त्यांच्यावर हल्ले झाले, सभा उधळल्या गेल्या.

दोन वर्षांनी, १९३६ ला, मिसिसिपीत जॉन रस्ट यांनी आपलं कापूस वेचणी यंत्र जाहीरपणे चालवून दाखवलं. रस्ट स्वतः मजुरी करून वाढलेले. यंत्राने वेचणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल या विचाराने ते अस्वस्थ होते. किमान मजुरी देणाऱ्या मालकालाच यंत्र भाड्याने द्यावं, अशा अटी ते शोधत राहिले. त्या अटी व्यवहारात उतरल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रं आली आणि दक्षिणेतली कापूस मजुरी संपली. लाखो काळी कुटुंबं शिकागो, डेट्रॉइटकडे गेली.

वर्धा जिल्ह्यात वेचणी आजही हातानेच होते. वेचणीच्या आरंभाची सीतादहीची पूजा होते, बाया कमरेला ओटी बांधून तासात शिरतात आणि मजुरी किलोवर ठरते. सकाळी बोंडावर दव असतं. तेव्हा वेचलेला कापूस ओला आणि वजनदार, म्हणून मालक उशिरा बोलावतो. ऊन चढल्यावर कापूस हलका होतो आणि बाईच्या हाती त्याच श्रमाला कमी किलो लागतात. उलंगवाडीच्या वेळी, म्हणजे हंगाम संपताना, बोंडं विरळ, तेव्हा दिवसभर वाकूनही ओटी भरत नाही. या मजुरीचा दर कापसाच्या भावाबरोबर कसा हलत गेला, १९२० पासून आजवर, याचा सलग अभ्यास व्हायला हवा. टेक्सासच्या वेचणाऱ्यांचे दर अमेरिकन शेतीखात्याने वर्षानुवर्षं नोंदवून ठेवले आहेत. माझे दोन विद्यार्थी यंदाच्या हंगामापासून देवळी आणि समुद्रपूर तालुक्यांतल्या बायांशी बोलून आपल्याकडची वही सुरू करत आहेत.