मोरपंखी आणि सावळा

मराठीत रंगांच्या नावांची वाण नाही. आमसुली, डाळिंबी, अबोली, अंजिरी, श्रीखंडी, मोरपंखी असे नुसते म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक छटा उभी राहते. ती बोलणाऱ्याच्या मनातल्या छटेशी जुळते की नाही, हे तपासण्याची वेळ सहसा येत नाही. घरच्या घरी छायाचित्र छापायला बसले की मात्र येते.

आम्हां दोघांवर ती आली एका चेहऱ्यामुळे. आमच्यापैकी एकीच्या आईचे वर्षश्राद्ध जवळ आले होते आणि भिंतीवर लावायला तिचे छायाचित्र हवे होते. बाहेरून छापून आणलेल्या प्रतीत आई गोरी झाली होती. 'उजळ करून दिलंय,' असे दुकानातल्या मुलाने कौतुकाने सांगितले. आई सावळी होती, आणि सावळेपणावरून जन्मभर ऐकून घेतलेली होती.

ह्या उजळपणाला इतिहास आहे. रंगीत छायाचित्रे छापणाऱ्या प्रयोगशाळांत कित्येक दशके कोडॅकचे एक नमुनाचित्र प्रमाण मानले जाई. त्यावर गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कांती नीट उमटली की यंत्र नीट लागले असे समजायचे. सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्यात हरवले तर ती यंत्राची चूक धरली जात नसे. आपल्याकडे त्यात विवाहविषयक जाहिरातींतल्या 'गोरी, सुस्वरूप'ची भर पडली. असो. छायाचित्र घरीच छापायचे ठरले.

संगणकाचा पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश थेट डोळ्यांत सोडतो. कागद स्वतः उजळत नाही. त्यावरची सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई खोलीतल्या उजेडाचा काही भाग गिळते आणि उरलेला परत करते. अनुवाद शिकवणाऱ्याला ह्याहून अधिक सांगायला नको. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदाच्या कोशातच नसतो. उलट शाईला जमणाऱ्या काही निळसर-हिरव्या छटा साध्या पडद्याला दाखवता येत नाहीत. ह्या दोहोंमधला दुभाषी म्हणजे 'प्रोफाइल'. तिचा सर्वमान्य साचा १९९३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियमने घडवला. प्रिंटर, शाई आणि कागद ह्या तिघांची मिळून एक प्रोफाइल असते. कागद बदलला की तीही बदलावी लागते. शिवाय रंगांचे रूपांतर एकानेच करायचे, संगणकातल्या प्रणालीने किंवा प्रिंटरने. दोघांनीही केले तर अनुवादाचा पुन्हा अनुवाद होतो.

एका स्नेह्यांकडून रंगमापक आणून पडदा लावून घेतला. पांढरा ६५०० केल्व्हिनवर आणि तेज पुष्कळ उतरवून, चौरस मीटरला सुमारे १०० कँडेला. पडदा फार तेजस्वी असला की प्रत्येक प्रत काळवंडलेली वाटते आणि माणूस विनाकारण चित्र उजळू लागतो. शाई वाळून स्थिरावेपर्यंत रंग किंचित हलतो, म्हणून प्रतीचा निवाडा दुसऱ्या दिवशी करायचा.

छायाचित्रात आईने नेसलेली मोरपंखी रेशमी साडी कपाटात होती. म्हणजे साक्षीदार घरातच! पण साडी निघाली धूपछाँव: उभा धागा निळा, आडवा हिरवा. घडी फिरवली की रंग फिरे. रात्री ट्यूबलाइटखाली प्रत आणि साडी हुबेहूब जुळली, सकाळी खिडकीपाशी नाही. वेगळ्या द्रव्यांनी घडलेले दोन रंग एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्यात निराळे दिसू शकतात. इंग्रजीत त्याला मेटामेरिझम म्हणतात. ज्या भिंतीवर चित्र लागणार तिथे दिवसाचा उजेड येतो. तेव्हा त्याच भिंतीपाशी, दुपारी, साडीचा एक विशिष्ट पदर धरून रंग जुळवला. साडी जुळली.

चेहरा उरला. त्याला साक्षीदार नव्हता. आकड्यांप्रमाणे तो बरोबरच होता, कारण साडी ज्या हिशेबाने जुळली तोच हिशेब त्यालाही लागू होता. तरीही आमच्यापैकी एकाला तो तांबूस वाटे आणि एकीला थोडा फिका. जावयाला आठवत होती बैठकीच्या खोलीतल्या दिव्याखालची सासू. लेकीला चुलीसमोरची आई. दोन दिवस आम्ही लाल रंगाच्या दोन-तीन टक्क्यांवरून वाद घातला. एखाद्या शब्दाच्या अर्थच्छटेवरून विभागात वाद होतात तितक्याच हिरिरीने, फक्त इथे डोळे भरून येत होते.

अखेर मावशींना बोलावले. त्यांनी प्रत हातात घेतली, चश्मा वर केला, जवळ धरली. साडीकडे त्यांनी पाहिलेही नाही. 'ताई उन्हातनं आल्येय,' एवढेच म्हणाल्या. छायाचित्र अंगणातले होते, भर दुपारचे. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मावशींनी स्वतःसाठी एक लहान प्रत मागितली. ती काढताना आम्ही कोणत्याच आकड्याला हात लावला नाही.