व्यवसायाच्या रकान्यात

दिवाळीची सुटी संपत आली होती. भिगवणच्या आमच्या घरी एका सकाळी आमच्या जुन्या विद्यार्थ्याची आई आली. हातातल्या पिशवीत नुकत्याच धरलेल्या चिलापी होत्या आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले दोन कोरे कागद. मुलाच्या लग्नाचा बायोडेटा लिहून हवा होता. आम्ही दोघेही मराठी शिकवतो. त्यामुळे अर्ज, निमंत्रणपत्रिका, श्रद्धांजलीचे फलक असे लेखन गावात आमच्याकडेच येते. त्यात नवल नव्हते.

नाव, जन्मवेळ, उंची, मामाचे कूळ, शेती किती, असे सगळे तिने सांगितले आणि आम्ही लिहून घेतले. व्यवसायाच्या रकान्यापाशी ती अडली.

“पुण्यात नोकरी, एवढंच लिवा, मॅडम.”

“कसली नोकरी, ते विचारतील ना मावशी?”

“त्येच तर. तुमी मराठी शिकवता. येखादा चांगला शब्द बघा की, सर.”

मुलगा पुण्यातल्या एका लहान ब्रुअरीत काम करतो. तिथे तो बिअर बनवतो. विकत नाही, वाढत नाही, बनवतो. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला मुलगा आहे. आमच्या भाषेच्या तासाला मागच्या बाकावर बसायचा आणि निबंध मात्र पुढच्या बाकावरल्यांपेक्षा नीट लिहायचा. त्याच्या कामाला मराठीत चांगला शब्द द्यायचा होता, आणि पंधरावीस वर्षे मराठी शिकवणारे आम्ही दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलो.

शब्द नाहीत असे नाही. ‘मद्यनिर्माता’ आहे, पण तो एखाद्या कारखानदाराला शोभावा असा. ‘किण्वनतज्ज्ञ’ आहे, तो प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून उभा राहतो. शासकीय परिभाषेत ‘यवासवनी’ असा शब्द भेटतो; त्यातला ‘यव’ म्हणजे सातू हे आपल्या बी. ए. च्या विद्यार्थ्यांना तरी समजावून सांगावे लागेल. ‘कलाल’ हा खरा जुना शब्द, पण तो जातीचे नाव होऊन बसला आणि त्यावर तुच्छतेची पुटे चढली. उरले बोलीतले क्रियापद, दारू गाळणे. ते हातभट्टीचे. ते ऐकताच मावशींनी कानांवर हात ठेवले. “गाळत न्हाई वो त्यो!” त्यांचे बरोबर होते. गाळणे म्हणजे ऊर्ध्वपातन. बिअर गाळत नाहीत, आंबवतात.

शब्दांची ही टंचाई आम्हांला कोशाची उणीव वाटली नाही. ती आपल्या साहित्याची उणीव आहे, असे वाटले. मराठी साहित्याने दारूकडे पाहिले ते पिणाऱ्याच्या आणि त्याच्या बायकोच्या बाजूने. गडकऱ्यांचा सुधाकर आणि त्यांची सिंधू आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो. तळीरामाचे आर्यमदिरामंडळ वर्गात हमखास हशा मिळवते. पण त्या प्याल्यात जे होते ते कोणी बनवले, त्याचे हात कसले, त्याच्या घरी काय म्हणत असतील, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही आणि विद्यार्थ्यांनीही विचारला नाही.

मुलाला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, “सर, अमेरिकेत हीच माणसं आडनावं बाटलीवर छापायची.” मग त्याने जे सांगितले, आणि त्यानंतर काही आठवडे आम्ही जे वाचत राहिलो, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषक मुलखांतून लक्षावधी माणसे अमेरिकेला गेली. त्यांत शेतकरी होते, सुतार होते आणि बिअर बनवणारेही होते. व्यूर्टेंबर्गहून गेलेल्या डेव्हिड यूंग्लिंगने १८२९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सव्हिल या कोळसा-खाणींच्या गावी ब्रुअरी काढली. ती आजही त्याच घराण्याकडे आहे. मिलवॉकी शहरात बेस्ट, ब्लाट्झ, श्लिट्झ, पाब्स्ट, मिलर ही आडनावे बाटल्यांवर आली. यातला पाब्स्ट मुळात आगबोटीचा कप्तान. बेस्ट घराण्याचा जावई झाला आणि सासऱ्याच्या धंद्यात शिरला. घरजावयाची ही कथा आपल्याकडच्या कादंबरीकाराला सुचली असती तर आपण ती अभ्यासक्रमाला लावली असती.

या मंडळींनी सोबत काय नेले? आमच्या विद्यार्थ्याच्या शब्दांत सांगायचे तर विरजण. सातू भिजवून, मोड आणून, वाळवून त्याचा माल्ट करायचा. तो भरडून गरम पाण्यात ठेवला की पिष्टाची साखर होते. ते गोड पाणी हॉप्सच्या कडू फुलांसह उकळायचे, निववायचे आणि त्यात यीस्ट सोडायचे. इंग्रजी पद्धतीचे यीस्ट साध्या उष्म्यात काही दिवसांत काम उरकते. बव्हेरियातल्या लागर बिअरचे यीस्ट मात्र थंडाव्यातच नीट चालते आणि मग बिअर आठवडेच्या आठवडे गारठ्यात साठवावी लागते. ‘लागर’ या जर्मन शब्दाचा अर्थच कोठार. जॉन वॅग्नर नावाच्या माणसाने १८४० मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेतली पहिली लागर आंबवली असे मानतात, ती बव्हेरियातून समुद्रापार आणलेल्या यीस्टवर. मिलवॉकीची भरभराट झाली त्याला एक कारण तिथल्या हिवाळ्यात फुकट मिळणारे बर्फ. आमच्या भिगवणच्या मासळी बाजारात बर्फाच्या लाद्या फोडताना आम्ही रोज पाहतो. बर्फ नसेल तर माल नाही, हे इथल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

विरजणाची उपमा मुलाला आईकडून मिळालेली. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि भीमेच्या पाण्याखाली गावेच्या गावे गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, ते पाहायला लोक पुण्यामुंबईहून येतात. मावशींच्या सासूने जुने गाव सोडताना भांड्यांबरोबर विरजणाचा गडू हातात धरून आणला होता, तो बैलगाडीत ठेवला नव्हता. नव्या जागी पहिले काही दिवस शेजारीपाजारी तेच विरजण नेत. पुनर्वसनाच्या कोणत्याही कागदावर त्या गडूची नोंद नाही.

परंतु इतक्यावर थांबलो तर हा लेख गोड होईल आणि खोटा होईल. गाव सोडून गेलेल्यांच्या विरजणावर परका मुलूख नेहमीच खूश असतो असे नाही. १८५५ मध्ये शिकागोचे महापौर लेव्ही बून यांनी दारूच्या परवान्याचे शुल्क ५० डॉलरवरून ३०० वर नेले आणि रविवारी गुत्ते बंद ठेवण्याचा नियम कडकपणे लावला. रविवारी बायकामुलांसह बागेत बसून बिअर पिणाऱ्या जर्मनांना तो आपल्यावरचा घाव वाटला; दंगल झाली, गोळीबार झाला. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन आडनाव हाच गुन्हा ठरू लागला, आणि जी नावे बाटलीवर अभिमानाने मिरवली तीच अंगाशी आली.

तरीही दारूबंदी केवळ परक्यांच्या द्वेषातून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या चळवळीच्या अग्रभागी बायका होत्या आणि त्यांच्यापाशी कारणे होती. त्यांना जवळून पाहणारी एक मराठी लेखिका आपल्याला ठाऊक आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. स्त्रियांच्या मद्यपानविरोधी संघटनेच्या फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि रमाबाई त्या संघटनेच्या कार्याशी जोडल्या गेल्या. १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक आले. मिलवॉकीच्या धुराड्यांतून धूर निघत होता त्याच वर्षांत अमेरिका पाहणारी ही मराठी बाई पिंपांच्या बाजूला नव्हती, रिकाम्या ताटांच्या बाजूला होती. आपल्या साहित्याची नजर तेव्हाच ठरून गेली असावी.

त्यानंतर १९१९ साल येते. त्या वर्षी १६ जानेवारीला अमेरिकेत दारूबंदीच्या घटनादुरुस्तीला पुरेशा राज्यांची मान्यता मिळाली. २३ जानेवारीला सावनेरला गडकरी गेले, आणि ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षी. १३ एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने गोळीबार करवला. हा डायर बिअर बनवणाऱ्याचा मुलगा. त्याचे वडील एडवर्ड डायर यांनी १८५५ च्या सुमारास कसौलीच्या डोंगरात ब्रुअरी काढली होती. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांसाठी तिथे बिअर बने. पुढे मीकिन नावाच्या दुसऱ्या इंग्रजाने तो धंदा घेतला आणि ठिकठिकाणी ब्रुअरी काढल्या. त्यांतली एक आपल्या पुण्याजवळ खडकीला. १९४९ मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांनी ही कंपनी घेतली. एका वर्षातल्या या तीन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही, हे आम्ही जाणतो. पण मिलवॉकीचा परदेशी माणूस गावाचा होऊन गेला आणि कसौलीचा होऊ शकला नाही, याचे कारण यीस्टमध्ये नव्हते. एक पोट भरायला आला होता, दुसरा सत्तेच्या मागोमाग.

अमेरिकेतली बंदी १९३३ मध्ये उठली, पण गावोगावच्या ब्रुअरी पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. १८७० च्या दशकात चार हजारांहून अधिक असलेली त्यांची संख्या १९७० च्या दशकाच्या अखेरीस शंभराच्या आत आली. शीतपेटीच्या रेल्वे वाघिणी, दूरचित्रवाणीवरल्या जाहिराती आणि मोठ्यांनी लहानांना गिळणे, ही त्याची कारणे. श्लिट्झने खर्च वाचवण्यासाठी आंबवण्याचा वेळ घटवला. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि १९८२ मध्ये कंपनीच विकली गेली. १९७८ मध्ये घरगुती बिअर बनवण्याला कायद्याने मोकळीक मिळाल्यावर पुन्हा लहान कारागीर उभे राहू लागले. आमचा विद्यार्थी या लाटेचा दूरचा तुषार आहे. पुण्यात २००९ मध्ये ‘डुलाली’ नावाची छोटी ब्रुअरी सुरू झाली, तिचा बिअर बनवणारा ऑलिव्हर शाऊफ हा जर्मन. आणि हे ‘डुलाली’ म्हणजे आपले नाशिकजवळचे देवळाली. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत पडलेले गोरे शिपाई भ्रमिष्टासारखे होत, त्यावरून तो शब्द इंग्रजीत गेला. जर्मन कारागीर, इंग्रजांनी मोडलेले मराठी गावाचे नाव आणि शिकायला आसपासची पोरे, असा हा प्रवास.

आता आमच्या अडचणीची गोष्ट. आमच्यापैकी एकीचे मामा हातभट्टीच्या दारूने गेले. मामींनी पुढे गावात दारूच्या दुकानावर मतदान झाले तेव्हा आडव्या बाटलीवर शिक्का मारला, आणि त्या संध्याकाळी आयुष्यात प्रथमच त्या मोठ्याने हसल्या, असे घरात सांगतात. त्यामुळे मावशी समोर बसल्या असताना शब्द सापडत नव्हता, त्याला कोश एकटा जबाबदार नव्हता. आमचा हातच पुढे जात नव्हता.

हे आम्ही मुलाला स्पष्ट सांगितले. पुढच्या रविवारी तो घरी आला होता. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “मॅडम, माझा परवाना ज्या कायद्याखाली आहे त्याचं नाव दारूबंदी अधिनियम आहे. १९४९ चा. म्हणजे मी काय करतो हे सरकारलाही धड म्हणता येत नाही. मी मामांना परत आणू शकत नाही. पण मी जे करतो ते मोजून करतो, उजेडात करतो. तेवढं लिहा.” मग आईकडे वळून म्हणाला, “आई, तू आंबील करतेस, तेव्हा काय करतेस म्हणून सांगतेस?”

“आंबवते म्हणते.”

“मग?”

मावशींना हे पटले असे आम्ही म्हणणार नाही. आंबील पिऊन कोणी बायकोला मारत नाही, असे त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, आणि त्याला मुलाकडे उत्तर नव्हते. आमच्याकडेही नव्हते. गडकऱ्यांकडे होते, पण ते या मुलाविषयी नव्हते.

शेवटी कागदावर लिहिले ते असे : ‘व्यवसाय – पुणे येथे ब्रुअरीत बिअर बनविण्याचे काम. स्वतः निर्व्यसनी.’ यातला दुसरा भाग मावशींच्या आग्रहाचा. मुलगा चव घेतो, ते कामाचाच भाग आहे, हे तो सांगू पाहत होता. पण आईने त्याला गप्प केले. आमच्या लेखी त्या ओळीत एक सत्य आहे आणि एक आईचे मन. मराठीच्या शिक्षकांनी यापेक्षा बरे काही लिहायला हवे होते, असे वाचकांना वाटल्यास ते खोटे नाही.

त्या कागदावरून आतापर्यंत दोन स्थळे परत गेली आहेत. तिसऱ्या मुलीने मात्र स्वतः फोन करून विचारले, की बिअर बनवायला नेमके काय काय लागते. मुलगा म्हणे पाऊण तास बोलत होता. मावशी परवा बाजारात भेटल्या तेव्हा त्यांनी हे सांगितले, आणि पुढे विचारले, “सर, त्या पोरीला बोलताना त्यानं कंचा शब्द वापरला आसंल वो?”